मोरी केवढी हवी? गावाचा विकास आराखडा आणि बदललेला पाऊस

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच लातूरसह धाराशिव, बीड आणि सोलापूर जिल्ह्यांत शिवारात इतकं पाणी शिरलं की उभं सोयाबीन कुजलं, जनावरं वाहून गेली आणि नदीकाठच्या शेतांतली माती खरडून गेली. दोन्हींमध्ये साडेनऊ वर्षांचंही अंतर नाही. ज्या पोरानं २०१६ मध्ये टँकरमागे घागर घेऊन धाव घेतली, तोच २०२५ मध्ये बापासोबत पंचनाम्याच्या रांगेत उभा राहिला.

या सगळ्याला बातम्यांत ‘हवामान बदल’ म्हणतात. तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर वितळणारा बर्फ येतो, नाहीतर परदेशातली एखादी परिषद. ग्रामसभेत मात्र चर्चा असते ती पेव्हर ब्लॉकची, गटाराची, हायमास्ट दिव्याची, ओढ्यावरच्या मोरीची, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कुणाला वाटत नाही. माझं म्हणणं असं, की खरा संबंध नेमका त्या मोरीपाशीच आहे.

शिंप्याची माया

हवामान बदलावर करायच्या कामांचे दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे कोळसा, पेट्रोल, डिझेल कमी जाळून हवेत जाणारा धूर आणि वायू कमी करणं. ते करायलाच हवं, पण त्याची मोठी जबाबदारी मोठे देश, मोठे कारखाने आणि मोठ्या शहरांवर आहे. दुसरा भाग म्हणजे जो बदल झालाच आहे आणि पुढची काही दशकं होतच राहणार आहे, त्यात आपलं कमीत कमी नुकसान व्हावं अशी घडी बसवणं. याला ‘अनुकूलन’ म्हणतात. जड शब्द आहे, एकदा सांगितला, पुन्हा फारसा वापरणार नाही.

कारण यासाठी आपल्या घरात आधीपासून एक सुंदर शब्द आहे. शिंपी लहान मुलाचा शर्ट शिवताना शिवणीच्या आत थोडं कापड राखतो. त्याला तो ‘माया’ म्हणतो. मूल वाढणार हे त्याला ठाऊक असतं. किती वाढेल हे नक्की माहीत नसतं, तरी तो माया ठेवतो, कारण नंतर उसवून सैल करणं स्वस्त पडतं आणि माया नसेल तर नवाच शर्ट घ्यावा लागतो. गावातलं प्रत्येक बांधकाम, प्रत्येक पाणी योजना, प्रत्येक रस्ता तीस-चाळीस वर्षं टिकायला हवा असतो. त्या तीस वर्षांत पाऊस आणि ऊन बदलणार हे आपल्याला माहीत आहे. प्रश्न एवढाच, की आपण बांधताना माया ठेवतो का?

आराखडा कुठं तयार होतो

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं ग्रामपंचायतींना आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायाच्या योजना आखण्याचं काम दिलं. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत त्यासाठी २९ विषय आहेत. ती यादी एकदा वाचून बघा: शेती, लघुपाटबंधारे आणि पाणलोट, पिण्याचं पाणी, रस्ते आणि पूल, सामाजिक वनीकरण, आरोग्य, घरं. हवामान बदल हा शब्द त्यात नाही, पण तो जिथं जिथं येऊन धडकतो त्या जवळजवळ सगळ्या जागा त्यात आहेत.

महाराष्ट्रात हे नियोजन ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावानं होतं. शिवारफेरी होते, ग्रामसभेत कामं सुचवली जातात, ती लिहून आराखडा बनतो आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवला जातो. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात आलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा ‘बंधित’ ठेवला गेला, म्हणजे तो पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के ‘अबंधित’, म्हणजे गावानं आपल्या गरजेप्रमाणे ठरवायचा.

आराखड्यासाठी नऊ संकल्पनाही ठरवून दिल्या आहेत, त्यात ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ आणि हरित गाव’ अशा दोन आहेत. हवामानाचा विषय बहुतेक वेळा त्या हरित गावाच्या रकान्यात ढकलला जातो आणि तिथं ‘वृक्षारोपण’ असं लिहून मोकळं होता येतं. झाडं लावावीत, जगवावीत, याबद्दल दुमत नाही. पण त्याच आराखड्यात पुढच्या पानावर ओढ्यावरची मोरी जुन्याच मापानं लिहिलेली असेल, तर झाडांनी ती वाचणार नाही.

आता मोरीचं गणित करू

पंचनाम्याच्या वेळी एक आकडा गावातल्या प्रत्येकाला पाठ असतो: ६५ मिलिमीटर. महसूल मंडळात २४ तासांत एवढा पाऊस झाला की ती अतिवृष्टी. नुकसान झाल्यावर हा आकडा आपण घोकतो. तोच आकडा बांधकामाच्या आधी वापरून पाहू.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणजे ६५ मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर साडेसहा लाख लिटर पडतं. समजा, तुमच्या ओढ्याला वरच्या १०० हेक्टरचं पाणी येतं. तिथं पडलं साडेसहा कोटी लिटर. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरू. उरलेलं सव्वातीन कोटी लिटर मोरीतून जायचं आहे.

हा पाऊस २४ तासांत सावकाश पडला, तर मोरीपाशी सेकंदाला सरासरी ३७५ लिटर पाणी येतं. ६०० मिलिमीटर व्यासाची एक सिमेंटची नळी, शंभर मीटरला एक मीटर उतार असेल तर, सेकंदाला सुमारे ६०० लिटर नेते. म्हणजे काम भागलं. आपल्या आजोबांच्या काळातली झड अशी असायची. दिवसभर रिपरिप, रानात वाफसा यायला दोन दिवस, पण मोरी शाबूत.

आता तेवढाच पाऊस दोन तासांत पडला असं धरा. पाणी तेवढंच, एक थेंबही जास्त नाही. पण आता सेकंदाला साडेचार हजार लिटर येतात, बारा पट. प्रत्यक्षात याहूनही जास्त, कारण इतक्या जोराचं पाणी मुरायला जमिनीला वेळच मिळत नाही. ती ६०० ची नळी तुंबते, पाणी रस्त्यावरून जातं, भराव कापतं आणि सकाळी शाळेची गाडी अलीकडंच थांबते. पंचनाम्यात मात्र दोन्ही दिवस सारखेच: ६५ मिलिमीटर.

हवामान बदलाचा पावसावरचा परिणाम सोप्यात सोप्या भाषेत सांगायचा तर हाच आहे. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. मोठा टँकर भरायला वेळ लागतो, पण रिकामा होतो तेव्हा धो धो होतो. म्हणून पावसात खंड लांबतात आणि पडतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. वर्षाची सरासरी बघून हे कळत नाही. सरासरीनं तर लातूरही ठीकच दिसतं.

आता माया ठेवण्याचा खर्च. ९०० मिलिमीटर व्यासाची नळी त्याच उतारावर सेकंदाला सुमारे १,८०० लिटर नेते. व्यास दीडपट, पाणी तिप्पट. तशा तीन नळ्या टाकल्या तर आपल्या उदाहरणातला दोन तासांचा पाऊस निघून जातो. रस्ता तोच, मजुरांची ये-जा तीच. फरक जास्तीच्या खोदाईत, नळ्यांच्या किमतीत आणि काँक्रिटमध्ये. आणि दर दोन पावसाळ्यांनी भराव पुन्हा टाकण्याचा खर्च वाचतो, जो कुठल्याच अंदाजपत्रकात आधी लिहिलेला नसतो.

ही चूक फक्त गावांची आहे असं नाही. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानं होती. नंतरच्या कामांत ती ५० वर नेण्याचं ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडले. अशा दिवसासाठी कुठलीच गटारं पुरत नाहीत, हेही मान्य करायला हवं. तिथं पाणी वाहून नेण्याइतकंच त्याला पसरायला जागा ठेवणं महत्त्वाचं असतं, आणि ती जागा आराखड्यातच राखावी लागते.

‘पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर’ म्हणजे काय?

नदीकाठच्या गावांना आणि शहरांना निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द माहीत असतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी लोकांचा फार गोंधळ होतो. ‘२००५ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत यायचा नाही,’ असं म्हणणारी माणसं भेटतात.

पुराला कॅलेंडर कळत नाही. २५ वर्षांत एकदा याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता. सोंगट्या खेळताना मागच्या डावात बारा पडले म्हणून या डावात पडणार नाहीत असं नसतं, तसंच हे. तीस वर्षांचं घरकर्ज काढून निळ्या रेषेच्या आत घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत घरात पूर यायची शक्यता सुमारे ७१ टक्के आहे. शंभर वर्षांत एकदाच्या पुराचीही तीस वर्षांतली शक्यता २६ टक्के निघते. आणि हे गणित जुन्या पावसावर बेतलेलं आहे. कोल्हापूरनं २००५, २०१९ आणि २०२१ असे महापूर पाहिले. शेवटच्या दोघांत फक्त दोन वर्षं गेली.

म्हणून अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची पंपखोली, वीज रोहित्र यांची जागा ठरवताना रेषेचा नकाशा टेबलावर हवा. पूर आल्यावर गाव उंचावरच्या शाळेत जातं, हे खरं. पण पाणी चढवणारी मोटर आणि रोहित्र खालीच बुडालेलं असेल, तर वर गेलेल्यांनी प्यायचं काय?

‘आधी रस्ता-पाणी तरी द्या, मग हवामानाचं बघू’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि तो अगदी रास्त आहे. ज्या वस्तीला रस्ताच नाही तिला तीस वर्षांनंतरच्या पावसाची गोष्ट सांगणं बरं दिसत नाही. पण इथं वेगळं काही मागितलेलंच नाही. रस्ता मागताय तो द्या, फक्त पहिल्या जोराच्या पावसात वाहून जाणार नाही असा द्या. पाणी मागताय ते द्या, फक्त एप्रिलमध्येही नळाला येईल असं द्या. खरं तर वाहून जाणाऱ्या रस्त्याचा सर्वांत मोठा फटका त्याच वस्तीला बसतो, कारण तिच्या रस्त्याची दुरुस्ती यादीत सगळ्यांत शेवटी असते.

नळाचंच उदाहरण घ्या. टाकी बांधली, पाइप टाकले, घरोघरी तोट्या बसल्या. योजनेच्या विहिरीला मात्र फेब्रुवारीत तळ लागतो, कारण आजूबाजूच्या बोअर खोल गेल्या आहेत. कागदावर काम पूर्ण, दारात टँकर. इथं माया ठेवायची ती टाकीच्या आकारात नव्हे, उद्भवात, जिथून पाणी येतं तिथं. म्हणजे विहिरीच्या वरच्या अंगाला पाणी मुरवणं आणि विहिरीजवळ नवी खोल बोअर न होऊ देणं. बंधित निधीतून मुरवण्याची कामं घेता येतात. बोअर रोखणं मात्र पैशाचं काम नाही, ते गावाच्या मनाचं काम आहे, आणि म्हणूनच अवघड.

हिवरे बाजारनं ते करून दाखवलं. कमी पावसाच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव पोपटराव पवारांच्या पुढाकारानं पाण्याचा ताळेबंद मांडायला लागलं. पाऊस किती पडला ते मोजायचं, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर पुढची पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नको, उसासारखी पाणी पिणारी पिकं नकोत, हेही गावानंच ठरवलं. घरात पगार बघून किराणा भरावा तसं हे आहे. हवामान बदल हा शब्द घरोघरी पोचण्याआधीपासून तिथं हे चालू आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

‘गावात एवढं कळणारं कोण आहे?’

गणित अभियंत्यानं करायचं आहे. पंचायत समितीतला अभियंता अंदाजपत्रक बनवतो, त्याच्याकडं दरसूची असते. पण त्याला प्रश्न विचारणं गावाच्या हातात आहे: या मोरीला किती हेक्टरचं पाणी येतं? तासाला किती पाऊस धरला? हे दोन प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात लिहिले की ते नोंदीवर राहतात आणि त्यांचं लेखी उत्तर मागता येतं.

आणि काही गोष्टी अशा आहेत ज्या गावालाच कळतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. याद्या आणि नकाशे मोठ्या मापाचे असतात, एखादी वाडी त्यांच्या जाळीतून निसटते. डोंगराला पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा, वाकलेली झाडं हे आधी दिसतं ते गुरं चारायला जाणाऱ्याला. शिवारफेरीत त्याला सोबत घेतलं नाही, तर ते आराखड्यात येणार कसं? आपल्याकडं शिवारफेरी बऱ्याचदा मुख्य रस्त्यावर, सरपंच, ग्रामसेवक आणि चार कार्यकर्त्यांच्या फोटोपुरती होते. बायका पाणी कुठून आणतात, त्या वाटेनं ती फेरी जातच नाही.

मदतीला काही साधनंही आहेत. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या गावांना ‘पोकरा’ म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प ठाऊक आहे. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सुमारे पाच हजार गावांत तो राबवला गेला आणि त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. तो मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईनं बसवून दिली. या प्रकल्पासाठी मात्र गावात वेगळी समिती होती, म्हणून तो ताळेबंद ग्रामपंचायतीच्या आराखड्यापासून सुटा राहण्याची शक्यता असते. ज्या गावात हा ताळेबंद झाला आहे, तिथं तो काढून ग्रामपंचायतीच्या आराखड्याला जोडायला हवा. नाहीतर प्रकल्प संपतो, फाइल कपाटात जाते आणि पाण्याचं गणित पुन्हा कोऱ्या पाटीवर सुरू होतं.

चांगल्या हेतूनं झालेलं वाईट काम

एक धोका सांगायलाच हवा. दुष्काळावर उपाय म्हणून शेततळं आलं. कल्पना उत्तम: पावसाचं वाहून जाणारं पाणी शेतात साठवायचं. पण बऱ्याच ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर लावलं गेलं आणि ते पावसानं नव्हे तर विहिरीतून, बोअरमधून उपसून भरलं गेलं. जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्यांचं पाणी वर आणून उन्हात ठेवलं, त्यातलं बरंच वाफ होऊन गेलं आणि उरलं ते एकाचं झालं. ज्याच्याकडं मोटर आणि पैसा होता तो दुष्काळातून तरला, शेजारच्या कोरडवाहूवाल्याची विहीर आटली.

म्हणून कुठल्याही कामाला ‘हवामानपूरक’ अशी चिठ्ठी लावण्याआधी विचारावं: पाणी कुठून येणार, आणि या कामामुळं कुणाचं नुकसान होणार? ओढा सरळ आणि खोल केला की आपल्या गावाचा पूर पटकन उतरतो, आणि तेवढ्याच पटकन खालच्या गावात शिरतो.

इथंच ग्रामपंचायतीची मर्यादाही येते. ओढा गावाच्या शिवेवर थांबत नाही. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे ग्रामसभा ठरवत नाही. पाणलोट चार गावांचा असेल तर आराखडाही चौघांनी मिळून करायला हवा, आणि ते जुळवण्याची जागा पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समिती ही आहे. वरच्या पातळीवर हे झालं नाही तर खालच्या गावानं कितीही मोठी मोरी बांधली तरी ती अपुरीच पडेल. गावावर सगळा भार टाकून मोकळं होणं मला मान्य नाही.

‘अंदाज चुकला तर?’

तुमच्या तालुक्यात २०५० मध्ये किती पाऊस पडेल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग खर्च का करायचा? उत्तर शिंप्यापाशीच आहे. मूल किती उंच होईल हे माहीत नसूनही तो माया ठेवतो, पण दहा वर्षांपुढचा शर्ट आज शिवत नाही. आधी अशी कामं घ्यावीत जी पाऊस कसाही पडला तरी उपयोगी ठरतील. अंगणवाडीच्या पत्र्यावर पांढरा थर देऊन आतली धग कमी केली, तर मुलांना याच मे महिन्यात बरं वाटतं. गटार साफ ठेवलं तर ते कमी पावसातही चांगलं. मोठ्या आणि महागड्या कामात मात्र पुढं वाढवता येईल अशी सोय ठेवायची, म्हणजे उद्या आणखी एक नळी टाकायची वेळ आली तर अख्खा रस्ता फोडावा लागणार नाही.

सुरुवात बिनखर्ची आहे. मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ती खूण शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं काढून शेजारी तारीख लिहायची. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक अनेक गावांसाठी मिळून असतं, तुमच्या ओढ्यावरचा पाऊस त्याला दिसेलच असं नाही. म्हणून शाळेत एक साधं पर्जन्यमापक बसवावं आणि मुलांना रोज सकाळी आकडा वहीत मांडायला लावावा. जोराचा पाऊस आला तर सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळही लिहावी. तीन-चार पावसाळ्यांनी ती वही घेऊन ग्रामसभेत जा, आणि मोरीचं अंदाजपत्रक वाचलं जात असताना अभियंता साहेबांच्या पुढ्यात ठेवा.